सपत्नीक सत्कार

सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा निम्मं सभागृह डोळे पुसत होतं आणि मला तिथल्या प्रत्येक रुमालाचा राग येत होता. मागच्या रांगेतल्या एक बाई तर चक्क हुंदके देत होत्या. माझी आई पदराने चष्मा पुसत होती. आई आणि मी, आमच्या दोघींच्या मधे माझी धाकटी बहीण मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. पडद्यावरच्या बाईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तिच्यासाठी रडायला तिथे शे-दीडशे माणसं जमली होती. माझी बहीण जिवंत होती, समोर बसलेली होती. तिच्या वाट्याला त्या दुपारी ह्याच माणसांकडून काय आलं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

सिनेमा एका मोठ्या मराठी लेखकाच्या संसारावर होता. कोणत्या ते सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच त्याची बाजू घ्याल. दिल्लीत मराठी सिनेमा लागलाच तर कुठल्यातरी मॉलमध्ये सकाळचा एखादा खेळ असतो आणि आपल्या कानावर येईपर्यंत तो उतरलेलाही असतो. म्हणून आमच्या मंडळाने कस्तुरबा गांधी मार्गाजवळचं एक सभागृह घेऊन रविवारी दुपारी खास खेळ ठेवला होता. थंडीचे दिवस होते. पैठणीवर कार्डिगन हा आम्हा दिल्लीकर मराठी बायकांचा डिसेंबरातला ठरलेला पोशाख, तो सगळीकडे दिसत होता. सिनेमा, मध्यंतरात चहा-बटाटेवडा आणि शेवटी चर्चा, असा बेत होता. चर्चेसाठी पुण्याहून एक लोकप्रिय लेखक यायचे होते. हे लोकप्रिय लेखक म्हणजे आमचे जावई, माझ्या धाकटीचा नवरा.

त्याचं सदर दर रविवारी पुरवणीत येतं. घरातल्या गमतीजमती, दूधवाला, पाहुणे आणि मुख्य म्हणजे बायको. सदरात बायकोला तो 'सरकार' म्हणतो. सरकार नोटीस काढतं, सरकार कपाटावर धाड घालतं, सरकार पाहुण्यांपुढे नमतं घेतं. लोक हसून हसून पोट धरतात. त्याची पुस्तकं निघाली, परदेशातल्या मंडळांनी त्याला बोलावलं. धाकटी फिजिओथेरपिस्ट आहे. लग्नानंतर ती घराच्या पुढच्या खोलीत पेशंट बघायची. त्याला ते जमेना. "शेजारच्या खोलीत कोणी कण्हत असेल तर मला विनोद कसा सुचणार?" असं तो म्हणाला आणि तिने पेशंट घेणं बंद केलं. त्यावरही त्याने एक लेख लिहिला. तोही गाजला.

गेल्या उन्हाळ्यात ती दोन बॅगा घेऊन नोएडाला माझ्या घरी आली आणि परत गेली नाही. आता पलीकडच्या सेक्टरमधल्या एका क्लिनिकमध्ये काम करते, म्हाताऱ्या माणसांना गुडघे वाकवायला शिकवते. तिने त्याला सरळ सांगितलं होतं की आपण दोघांच्या संमतीने वेगळं होऊ, मला तुझ्याकडून काही नको, फक्त सही दे. तो हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. "तू विश्रांती घे, मग बघू," एवढंच म्हणायचा. सदर मात्र चालूच होतं. दर रविवारी पुण्याच्या त्या घरात सरकार चहा करायचं, रुसायचं, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून रागवायचं. आणि त्याच वेळी माझी बहीण नोएडात माझ्यासमोर बसून पोहे खात असायची. मी पेपरची ती पुरवणी वाचणं बंद केलं, पण लोक फोनवर पाठवायचे. लोकांना वाटायचं, आम्हाला आनंद होईल.

तो दारू पीत नाही आणि हात उचलत नाही, ही आईने त्याला दिलेली दोन सर्टिफिकेटं. आई माझ्याकडेच राहते. "आणखी काय हवं असतं गं बाईला?" असं ती भाजी निवडताना मला विचारायची. धाकटीला विचारायची हिंमत तिला नव्हती.

मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण आलं, त्यात 'लेखकमहोदयांचा सपत्नीक सत्कार' असं छापलं होतं. मी तडक अध्यक्षबाईंना फोन लावला. बाई प्रेमळ आहेत, माझ्या आईपेक्षा थोड्या लहान. सगळ्या दिल्लीच्या त्या काकू.

"अगं, सपत्नीक आपण नेहमीच घालतो," काकू म्हणाल्या. "मागच्या वर्षीचंच निमंत्रण काढायचं आणि नाव बदलायचं. त्यात काय एवढं?"

"काकू, ती स्टेजवर येणार नाही. मी आत्ताच सांगून ठेवते."

"बिल्कुल! तिची मर्जी. आपण काय कुणाला ओढून थोडीच नेतोय, यार."

मी धाकटीला म्हटलं, आपण जायलाच नको. ती ऐकेना. "मी का लपू? मी काही गुन्हा केलेला नाही. सिनेमा बघेन, वडा खाईन, घरी येईन. त्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढणार नाही, बास." तिचं म्हणणं मला पटलं. फोटो म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही कळत होतं. त्याचं सरकारवरचं नवं पुस्तक येणार होतं. दिल्लीच्या मंडळात शाल पांघरून दोघं हसताना दिसली की पुण्यापर्यंत सगळे म्हणणार, मिटलं हो त्यांचं. त्यानंतर तिने सही मागितली असती तर तिलाच वेड्यात काढलं असतं.

सिनेमात लेखक लिहायला बसला की घरातला रेडिओ बंद व्हायचा. त्याची बायको कुकर लावायची नाही, कारण शिटीने त्याची तंद्री मोडायची. ती उघड्या पातेल्यात डाळ शिजवत उभी राहायची, घामाने डबडबलेली, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलायचा नाही. ज्याने तो प्रसंग घेतला त्याला काहीतरी नक्कीच कळलं होतं. पण आमच्या सभागृहात काय झालं? अंधारात चारही बाजूंनी "च् च्" सुरू झालं. "काय समजूतदार बाई हो!" "म्हणून तर एवढं लिहून झालं." मी नोएडातल्या एका मीडिया ऑफिसात सबटायटल्स तपासते. माणसं पडद्याकडे बघतात आणि तिथे जे नाही तेच वाचतात, हे मला कामामुळे माहीत आहे. तरी त्या दिवशी अंगाचा तिळपापड झाला. ती बाई पडद्यावर उकडून निघत होती आणि हे तिला शाबासकी देत होते.

उत्तरार्धात एक प्रसंग होता. ती बाई एका दुपारी दार धाडकन लावून घेते आणि बहिणीकडे निघून जाते. तिथे सभागृह एकदम गार पडलं. माझ्या मागचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "हे खरं नसणार. सिनेमावाल्यांनी घुसडलंय." मग ती बाई परत येते, न बोलता त्याच्या टेबलावरची धूळ पुसते. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! मी धाकटीकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती, पण पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती, उघडत होती आणि लावत होती.

त्याआधी मध्यंतरात जे झालं तेही सांगते. आम्ही वडे घेऊन रांगेतून बाहेर पडत होतो. एक बाई बशी सांभाळत आल्या आणि धाकटीचं मनगट धरून ओरडल्या, "अय्या, तुम्हीच ना सरकार? फोटो पाहिला होता मी पुस्तकावर!"

आजूबाजूच्या चार-पाच जणी लगेच गोळा झाल्या.

"मागच्या रविवारचं वाचलं हं आम्ही," दुसरी म्हणाली. "इडलीचं पीठ फुगलं नाही म्हणून तुम्ही ह्यांच्यावर किती डाफरलात!"

"मागच्या रविवारी मी नोएडात होते," धाकटी म्हणाली. "गेले सहा-सात महिने मी तिथेच राहते. पुण्यात कोणी इडल्या केल्या मला माहीत नाही."

बायका खो-खो हसल्या. "अगदी लेखातल्यासारखंच बोलता हो तुम्ही! बिल्कुल तस्संच!"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर त्याचाही विनोद होत होता. हातातल्या वड्यात माझी बोटं रुतली होती, हे मला चटणी मनगटावर ओघळली तेव्हा समजलं.

इतक्यात तो आला. नेहरू जाकीट, दाढी कोरलेली, तोंडभर हसू. "कशी आहेस?" त्याने विचारलं, आणि ती उत्तर देणार तोवर तो बायकांकडे वळला. "पाहा, दिल्लीत आलं की सरकारदरबारी हजेरी लावावीच लागते." पुन्हा हशा. तो तिच्याशी बोलतच नव्हता, तो तिच्याविषयी बोलत होता, तेही तिच्या तोंडावर. आणि आई? आई त्याच्यासाठी बशीत गरम वडे घेऊन धावत आली. "जावईबापू, आधी खाऊन घ्या, प्रवासाने दमला असाल." ती धाकटीला कोपराने ढकलत होती, जवळ उभी राहा म्हणून. दहा मिनिटांपूर्वी हीच बाई पडद्यावरच्या त्या उघड्या पातेल्याकडे बघून पदर डोळ्यांना लावत होती.

चर्चेला सुरुवात झाली. मंत्रालयातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक काका पहिले उठले. "मोठ्या माणसांच्या खासगी आयुष्यात डोकवायचं कारण काय? साहित्य टिकतं. बाकी फाइल क्लोज्ड." टाळ्या. एका बाईंचं म्हणणं पडलं की बायकोचं काम करणारी नटी फार आक्रस्ताळी दाखवली आहे, खरी बाई सोशिक होती. त्यांनी खऱ्या बाईला कधी पाहिलं होतं देव जाणे. आयएएसच्या तयारीला आलेली पोरंही बरीच होती, वड्यासाठी येतात बिचारी. त्यातला एक उठून म्हणाला, "सर, एथिक्सच्या पेपरला भारी केस स्टडी आहे." सगळे हसले. मग त्यांच्यातलीच एक मुलगी उठली, बारीक अंगाची, लातूरकडची असावी. तिने माइक दोन्ही हातांनी धरला.

"सर, तिला लिहायचं असतं तर त्यांनी तिच्यासाठी कुकर बंद ठेवला असता का?"

त्या सबंध दुपारी विचारलेला तेवढाच एक प्रश्न. आणि आमच्या जावयाने गोड हसून माइक ओढला. "बाळ, फार छान विचारलंस. पण माझं सांगू? मला कुकर लावताच येत नाही, तर बंद काय ठेवणार!" जो हशा उसळला त्यात ती मुलगी केव्हा खाली बसली ते कोणाला दिसलं नाही. मला दिसलं. तिचे कान लाल झाले होते. मला उठून ओरडावंसं वाटलं की तिला उत्तर द्या आधी. मी उठले नाही, कारण धाकटीने माझ्या शालीचं टोक धरून ठेवलं होतं.

"सर, 'सरकार संपावर' वाचा ना!" मागून कोणीतरी ओरडलं. आणि सगळीकडून तेच सुरू झालं. "संपावर! संपावर!"

हा त्याचा सर्वांत गाजलेला लेख. आठवडाभर सरकार संपावर गेलंय, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलंय, मागण्या काय आहेत ते सांगत नाही. घरात चूल पेटत नाही. बिचारा नवरा चहात साखरेऐवजी मीठ घालतो, वाटाघाटीला जातो, आणि सरकार एक शब्द बोलत नाही. शेवटी तो संपाला पाठिंबा म्हणून शेजारी जाऊन आडवा होतो आणि घोरायला लागतो. महाराष्ट्रात हा लेख शाळेतल्या स्नेहसंमेलनांत वाचतात. तो छापून आला त्या आठवड्यात माझी बहीण दवाखान्यातून घरी आली होती. तिचं बाळ पोटातच गेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, हे खरं. स्वयंपाक होत नव्हता, हेही खरं. त्याला गुरुवारपर्यंत लेख द्यायचा होता आणि समोर हेच दिसत होतं, म्हणून त्याने हेच लिहिलं.

आम्ही बसलो होतो त्या पहिल्या रांगेकडे त्याने एकदा पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणेल. काहीतरी सांगेल, घसा बसलाय, चष्मा विसरलो, काहीही. त्याने पिशवीतून पुस्तक काढलं, पान त्याला शोधावंही लागलं नाही, आणि तो वाचायला लागला. वाचतो फार छान. कुठे थांबायचं, कुठे भुवई उचलायची, सगळं त्याला येतं. लोक खुर्च्यांवर वाकून वाकून हसत होते. मागच्या रांगेतल्या हुंदकेवाल्या बाई आता हसण्याने डोळे पुसत होत्या, त्याच रुमालाने. मी धाकटीचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला. आई हसली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. ती खाली बघत होती. पण ती उठलीही नाही.

वाचन संपलं. टाळ्या थांबेनात. काकू माइकवर आल्या. "आता आपण लेखकमहोदयांचा सत्कार करू या, सपत्नीक!" त्याला शाल पांघरली, श्रीफळ दिलं. "आणि आता आपल्या लाडक्या सरकारची ओटी!"

धाकटी जागची हलली नाही. मी उभी राहून म्हटलं, "काकू, आपलं ठरलं होतं." काकूंनी मला हातानेच थांबवलं, लाडाने. आई दात आवळून धाकटीला म्हणाली, "ऊठ गं. सवाष्णीने ओटीला नाही म्हणू नये." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई आणि काकू, दोघींनी मिळून हे ठरवलं होतं. शाल नाकारता येते, फोटो नाकारता येतो, पण ओटी? हळदी-कुंकवाचं ताट घेऊन कोणी समोर आलं तर आपल्यात पाठ फिरवत नाहीत. परक्या गावातली आयुष्यात पुन्हा न भेटणारी बाईसुद्धा पदर पुढे करते. त्यांनी तिला बरोबर तिथेच पकडलं होतं, आणि गंमत म्हणजे त्यांना हे सगळं प्रेम वाटत होतं.

ती येत नाही म्हटल्यावर काकू स्वतः ताट आणि माइक घेऊन स्टेजवरून खाली उतरल्या. खण, नारळ, तांदूळ. मागून फोटोग्राफर. आणि तोही उतरला, शाल सावरत, आणि तिच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला, फोटोत बरोबर बसेल असा. काकूंनी तिला कुंकू लावलं. तिने ते बसल्या बसल्याच लावून घेतलं. मग काकूंनी ताट खुर्चीवर ठेवून नारळ उचलला, तिच्याकडे वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने माइक तोंडाशी धरून म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोघं नाही, तिघं यायचं हं दिल्लीला!"

तेव्हा धाकटी उठली. सगळ्यांना वाटलं, ओटी घ्यायला उठली. एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

"काकू, ओटी नको," ती म्हणाली. माइक काकूंच्या हातात तसाच चालू होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "आत्ता वाचला तो लेख छापून आला ना, त्या आठवड्यात माझं बाळ गेलं होतं. मी संपावर नव्हते." मग त्याच्याकडे वळून, तेवढ्याच शांतपणे, "आणि तुला माहीत होतं."

फोटोग्राफरचा फ्लॅश नेमका तेव्हाच उडाला. काकूंनी नारळ पुन्हा ताटात ठेवला. आमच्या जावयाने मान खाली घातली, अंगावरची शाल काढली आणि घडी घालायला लागला. मला वाटलं, आता तरी. आता तरी ह्या माणसांना दिसेल की रडायचं कोणासाठी असतं.

निवृत्त काका पहिले बोलले. "ही जागा नव्हती हे काढायची." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "इतक्या वर्षांनी?" आणि मागच्या रांगेतल्या त्या हुंदकेवाल्या बाई उठून पुढे आल्या. त्यांच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली होती. त्या धाकटीला ओलांडून गेल्या, सरळ त्याच्यापाशी, आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "केवढं दुःख पोटात ठेवून तुम्ही आम्हाला हसवलंत हो!" कोणीतरी त्याला खुर्ची दिली. कोणीतरी पाण्याचा ग्लास आणून त्याच्या हातात ठेवला. लोक त्याच्याभोवती जमले. माझी बहीण कपाळावर ओलं कुंकू घेऊन दोन पावलांवर उभी होती आणि तिला पाणी विचारायला एक माणूस आला नाही. मी तिच्या खांद्यावर माझी शाल टाकली आणि आम्ही बाहेर पडलो. आई मागून आली.

कॅबने अक्षरधाम मंदिर मागे टाकलं तेव्हा आई म्हणाली, "चारचौघांत बोलायला नको होतं."

मग मी भडकले. आजवर आईशी मी असं कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, चारचौघांत तो गेली कित्येक वर्षं बोलतोय, महाराष्ट्रभर बोलतोय, अमेरिकेत जाऊन बोलतोय, तेव्हा तुला काही वाटलं नाही? तू दवाखान्यात तिच्या उशाशी होतीस. तुला तारीख माहीत होती. मग वडे कसे नेऊन दिलेस त्याला? तिला पकडून देताना तुझा हात कापला नाही? मी आणखीही बोलले, ते लिहीत नाही.

"ताई, हळू," धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ड्रायव्हरभैया घाबरलेत. गाडी दुसऱ्या लेनमध्ये जातेय."

आईने डोळ्यांना पदर लावला नाही. सेक्टरच्या वळणावर ती एवढंच म्हणाली, "मला तो लेख आवडला होता. मी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. मला तेव्हा सुचलंच नाही की भिंतीकडे तोंड करून पडलेली ती हीच आहे." तिच्या आवाजात धास्ती होती. माझा राग मात्र गेला नाही. अजूनही गेलेला नाही.

पुढच्या रविवारी सदर आलं. मथळा होता, 'सरकार, माफी असावी'. काकूंनी हात जोडलेल्या चित्रासकट ते मला पाठवलं. त्याने लिहिलं होतं की दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत, भरल्या सभेत, निळ्या साडीतल्या सरकारने त्याला आरसा दाखवला. सरकारच्या डोळ्यांत एक थेंब होता आणि त्या थेंबात तो बुडून गेला. धाकटीने त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातला होता आणि ती रडली नव्हती. पण ते सोडा. पुढे लिहिलं होतं, 'तेव्हा सरकारची प्रकृती जरा बरी नव्हती, आणि मी मूर्ख, विनोद करत बसलो.' बाळाचा त्यात एक शब्दही नव्हता. शेवटी त्याने लिहिलं होतं की घराचं दार उघडं आहे आणि चहाचं आधण ठेवलं आहे.

खाली वाचकांच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडला होता. 'सर, रडवलंत आज.' 'इतका प्रामाणिकपणा आजकाल कुठे दिसतो?' 'आपली चूक चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं.' 'वहिनी, आता ताणू नका.' 'असा नवरा मिळायला भाग्य लागतं.' एकीने लिहिलं होतं, 'ह्यावर सिनेमा निघायला हवा!' मी फोन सोफ्यावर फेकला. मला तो भिंतीवर आपटायचा होता. त्याने तिचं ते एकमेव वाक्य, सबंध संसारात तिने लोकांसमोर उच्चारलेलं एकच वाक्य, उचलून नेलं आणि त्यातलं बाळ काढून टाकून आपल्या नावावर छापलं. आणि सही अजून दिलेली नाही.

मी ठरवलं, आता मी लिहिणार. पण न विचारता लिहायचं नाही, ते त्याचं काम. सकाळी धाकटी क्लिनिकला निघाली होती, दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मी विचारलं, "मी हे सगळं लिहू का?"

तिने दुसऱ्या बुटाची गाठ मारली. मग म्हणाली, "लिही. पण नाव घालू नकोस. माझंही नको, त्याचंही नको. मला भांडण नकोय, मला सही हवीय. आणि मला बिचारी करू नकोस."

"नाही करणार."

ती उठली, पर्स खांद्याला लावली. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली.

"आणि ताई, प्रकृती बरी नव्हती असं काही लिहू नकोस," ती म्हणाली. "सहावा महिना होता. मुलगी होती. तेवढं लिही."